शेवटच्या रेकॉर्डवरचा खुळखुळा

रविवारी दुपारी दार्का वडिलांकडे गेली तेव्हा तातो, ती वडिलांना तसंच म्हणायची, स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पत्र्याच्या डब्यांत धान्य भरत होता. एकात मसूर, एकात वाटाण्याची डाळ, एकात बकव्हीट. डबा कानाशी नेऊन हलवायचा, तोंड वाकडं करायचा, चमचाभर दाणे काढून परत बरणीत टाकायचा. टेबलभर दाणे सांडले होते. बाहेर पायऱ्यांवरचा बर्फ त्याने सकाळीच काढलेला दिसत होता, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही.

"जेवायला आहे का काही, की हेच शिजवायचंय?" दार्काने बूट काढता काढता विचारलं.

"पिरोही आहेत फ्रीजमध्ये. चर्चच्या बायकांनी दिल्यात, बटाट्याचं सारण भरलेल्या. कांदा तू परत. माझ्या डोळ्यांतून पाणी येतं."

"साठ वर्षं ढोल बडवताना नाही आलं ते."

"ढोल बडवायचा नसतो, बाई. बडवणं हा शब्द तुझ्या आईचा."

दार्काने भरपूर लोण्यात कांदा परतला. तातोला डॉक्टरांनी लोणीही नको सांगितलं होतं, पण त्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. पिरोही उकळून वर येईपर्यंत तो दोन डबे घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"डोळे मीट. हा, की हा?"

त्याने आधी एक डबा हलवला, मग दुसरा. पहिल्याचा आवाज कोरडा होता आणि हात थांबला की तोही थांबत होता. दुसऱ्याचा थोडा मागे रेंगाळत होता, पाय घासत चालणाऱ्या माणसासारखा.

"दोन्ही सारखेच," दार्का म्हणाली.

"वा!" तातो खूश होऊन म्हणाला. "तुला विचारण्यात काही अर्थच नाही." आणि पहिला डबा त्याने बाजूला काढून ठेवला.

जेवताना त्याने आठवड्याचा बेत सांगितला. सोमवारी केस कापायचे. मंगळवारपासून गायिका व्हर्नाच्या रेकॉर्डचं शेवटचं काम. वाजवणं-गाणं सगळं भरून झालं होतं, आता फक्त कुणाचा आवाज कुठे बसवायचा ते ठरवायचं होतं. व्हर्ना घाई करतेय, तो म्हणाला, पण तिला घाईशिवाय दुसरं येतं काय. दार्का एका इतिहासाच्या ग्रंथाची शब्दसूची करत होती. ते तिचं पोटापाण्याचं काम. त्याबद्दल त्याने विचारलं, ती सांगू लागल्यावर उठून कॉफी ठेवली, आणि पाठ करूनच सगळं ऐकलं. चार वाजता ती निघाली. व्हरांड्यात येऊन तो म्हणाला, "मागच्या टायरमधली हवा बघून घे." एवढंच.

सोमवारी सकाळी तो न्हाव्याच्या खुर्चीत गेला. डोळे मिटले तेव्हा अर्धे केस कापून झाले होते. न्हावी त्याला चाळीस वर्षं ओळखत होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. त्याने हळू हाताने उरलेले केस कापले, मानेवरून ब्रश फिरवला, आणि आरसा मागे धरून "बघ" म्हणाला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. शवपेटीत तातो नीटनेटका दिसत होता. येणारा प्रत्येक जण ते बोलून दाखवत होता आणि दार्का प्रत्येकाला "न्हाव्याला सांगते" असं उत्तर देत होती.

अंत्यविधी सेल्कर्क अव्हेन्यूजवळच्या युक्रेनी चर्चमध्ये झाला. तिथे वाद्य चालत नाही. पेटी नाही, ऑर्गन नाही, घंटेपलीकडे काही नाही. जे म्हणायचं ते माणसाच्या गळ्याने. ज्याने हयातभर लोकांचा ताल सांभाळला त्याला नुसत्या गळ्यांनी निरोप मिळाला, आणि ती गाणारी मंडळी ठायीठायी रेंगाळत होती. मागच्या बाकांवर विनिपेगमधले वादक कोट घालून अवघडून बसले होते. 'चिरंतन स्मृती' हे निरोपाचं स्तोत्र सुरू झालं तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्यांचे हात आपोआप मांडीवर पडू लागले. पाद्रीबुवांनी एकदा तिकडे पाहिलं. हात थांबले, आणि पुढच्या कडव्याला पुन्हा सुरू झाले.

वर्तमानपत्राने मायरन स्टेफिशिन, तालवादक आणि रेकॉर्ड निर्माता, याला दोन परिच्छेद दिले. त्यात चूक काही नव्हती. दार्काला ते वाचून कुणा परक्या, कर्तबगार माणसाची ओळख झाल्यासारखं वाटलं.

त्याचा बाप रेल्वेच्या यार्डात होता. काका लग्नांत त्सिम्बाली वाजवायचा, म्हणजे आडव्या पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांवर दोन बारीक काठ्या. मायरन शाळेत असतानाच काकाच्या बँडमध्ये ढोलावर बसला, कारण नेहमीचा ढोलवाला एका लग्नात जेवणाआधीच आडवा झाला होता. ती लग्नं दोन-दोन दिवस चालायची. नाचणाऱ्यांचे पाय थकलेले कधी ओळखायचे, आणि ते त्यांच्या लक्षात येऊ न देता लय कशी उतरवायची, हे तो तिथे शिकला. पुढे तो टोरांटोला गेला. साबण, बिअर, टायर यांच्या जाहिरातींत खंजिरी वाजवली. त्रिनिदादहून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या तळघरात काँगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, शिकला; म्हाताऱ्याने पहिले कितीतरी आठवडे त्याला नुसतं बसवून ठेवलं आणि हात लावू दिला नाही. मग मोठ्या गायकांबरोबरचे दौरे. पोस्टरवर नाव दुसऱ्याचं, बसमध्ये मागची जागा याची. तेवढ्या काळात तो घरी पाहुण्यासारखा यायचा.

सगळ्यांना वाटलं हा आता तिकडचाच झाला, तर हा परत आला. विनिपेगच्या नॉर्थ एंडमधली एक बंद पडलेली बेकरी घेतली आणि तिचा स्टुडिओ केला. भट्टी काढायला भिंत पाडावी लागली असती, म्हणून भट्टी तशीच ठेवली. नंतर कळलं की भट्टीच्या तोंडाशी उभं राहून गायलं की आवाजाला गोलाई येते. मग प्रेअरीतले, त्या गवताळ मैदानी मुलखातले गायक त्या भट्टीपुढे उभे राहून गायले: पोल्कावाले, भजनी मंडळं, ट्रक चालवता चालवता गाणी रचणारे, शाळेची पोरं. एका रेकॉर्डला पुरस्कार मिळाला. तो घ्यायला मायरन गेला नाही, कारण त्या शनिवारी त्याने डॉफिनच्या एका लग्नात ढोल वाजवायचं कबूल केलं होतं.

काम करण्याची त्याची एक पद्धत होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. प्रत्येक रेकॉर्डवर तो स्वतः काहीतरी वाजवायचा. खुळखुळा, खंजिरी, कधी नुसता तळहात. शेवटी सगळे आवाज जागच्या जागी बसवले की तो आपला आवाज खाली घ्यायला लागायचा. गायक "तू यात वाजवलंस का रे?" असं विचारेपर्यंत खाली, आणि तिथून केसभर वर. कुणी "खुळखुळा काय झकास आहे" म्हणालं की खुळखुळा आणखी खाली. तो म्हणायचा, "काढला तर गाणं मटकन खाली बसलं पाहिजे, आणि ठेवला तर कुणाला दिसता कामा नये."

हे सांगून झालं की तो मुलीचा किस्सा सांगायचा.

किस्सा असा. दार्का सोळा वर्षांची असताना तिची आजी, तातोची आई, वारली. तातो एका गायकाबरोबर युरोपात होता. तो आला नाही. पुढच्या गावी तिकिटं विकली गेली होती, एवढंच त्याने फोनवर सांगितलं. दोन महिन्यांनी तो त्याच गायकाची नवी रेकॉर्ड घेऊन घरी आला. आईने ती लावली. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "कसं वाटलं, दार्का?"

"यात तू कुठे आहेस?" ती म्हणाली. "मला तर तू ऐकूच येत नाहीस."

त्याने रेकॉर्डवरून सुई उचलून ठेवली. मग हसायला लागला, आणि हसता हसता मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हणजे मी काम चोख केलं!"

तेव्हापासून ही गोष्ट त्याची मालमत्ता झाली. नव्या वादकांना तो सांगायचा, पुरस्कारवाल्यांनी मुलाखत घेतली तेव्हा सांगितली, तिच्या लग्नात आणि पुढे तिच्या घटस्फोटानंतरच्या पहिल्या नाताळातही सांगितली. "माझ्या पोटच्या पोरीला मी ऐकू येत नाही. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं?" लोक हसायचे, तीही हसायची. खोटं होतं ते. पहिल्या ओळीपासून तिला तो ऐकू आला होता, दरवाजातून घरात आल्यासारखा स्पष्ट. त्याला लागावं म्हणून ती तसं बोलली होती, आणि त्याने ते इतक्या आनंदाने उचललं की परत मागायची सोय राहिली नाही. एकदा कान नाही म्हटल्यावर तिला कान नसल्यासारखंच वागावं लागलं. तिच्या समोर तो दोन-दोन डबे हलवायचा आणि ती सारखेच म्हणायची.

अंत्यविधीनंतर तीन आठवड्यांनी व्हर्ना डुशार्मचा फोन आला. व्हर्ना मेटी, म्हणजे आदिवासी-फ्रेंच मिश्र वंशाची. सेंट लॉरेंटला तळ्याकाठी वाढली होती, साठी ओलांडली होती, आणि तातोच्या भट्टीपुढे सगळ्यात जास्त वेळा तीच उभी राहिली होती.

"दार्का, रेकॉर्ड झाली. मी आणि बोयेतने बसून पुरी केली. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला हॉलमध्ये वाजवायची, आणि प्रती वाटायच्या. परवा ती कारखान्यात गेली पाहिजे. पण आधी तू ऐकायचीस."

"मी ऐकून काय करणार, व्हर्ना? तुला माहीत आहे ना."

"माहीत आहे म्हणूनच बोलावतेय. ये मुकाट्याने. आणि येताना जॅमबस्टर घेऊन ये. बोयेतने मला दोन दिवस नुसत्या नूडल्सवर ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार्का जॅमबस्टरचा, म्हणजे जॅम भरलेल्या डोनटांचा, खोका घेऊन बेकरीतल्या स्टुडिओत गेली. बोयेत मनलास्तास मिक्सिंगच्या टेबलाशी बसला होता. पंधराएक वर्षं तातोचा ध्वनिमुद्रक, चाळिशीचा, शांत. तातोच्या खुर्चीत व्हर्ना ऐसपैस बसली होती.

"अशी बघू नकोस," व्हर्ना म्हणाली. "खुर्ची आहे, देऊळ नाही. माझी पाठ दुखते. दोन नवरे आणि एक प्रोड्यूसर, तिघांनाही पोचवून आले मी. एवढा हक्क आहे मला."

"मी काही म्हणाले का?"

"तुझं नाक म्हणालं. बापाचंच नाक ते. बोयेत, लाव."

बोयेतने दार्काकडे न बघता गाणं लावलं. ते व्हर्नाचंच होतं, तळ्यावरचा बर्फ फुटताना आजोबा जाळी ओढायला जात त्याचं. तिचा आवाज आता खालच्या पट्टीत आला होता आणि त्यामुळे चांगला झाला होता. सोबत गिटार, मागून व्हायोलिन. आणि पुढे, सगळ्यांच्या पुढे, तातोचा खुळखुळा.

लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या पुढे फोटोग्राफरच येऊन उभा राहावा, तसा तो उभा होता. व्हर्ना आजोबांच्या हातांबद्दल गात होती आणि कानाला मात्र दाणे ऐकू येत होते. वाजवण्यात खोट नव्हती. प्रत्येक मात्रा जिथे पाहिजे तिथे होती. पण एवढ्या उजेडात पाहण्यासाठी ती वाजवलेलीच नव्हती. दुसऱ्या कडव्यात व्हर्ना मुद्दाम मागे रेंगाळते, तिथे तो तिला हात देऊन उचलत होता, आणि ते उचलणं आता ढकलल्यासारखं वाटत होतं.

गाणं संपलं. व्हर्नाने डोळे पुसले.

"आला?" तिने विचारलं. "ऐकू आला?"

"आला," दार्का म्हणाली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं, बोयेत?" व्हर्ना खुर्चीतून पुढे झाली. "आख्खी रेकॉर्ड अशी केलीय. सगळ्या गाण्यांत त्याला वर घेतलं. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? तो किस्सा मी शंभरदा ऐकलाय, शंभरदा हसलेय. पण एकदा आम्ही ब्रँडनहून व्हॅनने येत होतो. दोघंच. काही विषय नाही, काही नाही, आणि हा म्हणाला, 'माझ्या मुलीला मी ऐकू येत नाही, व्हर्ना.' मी हसायला तोंड उघडलं, बघते तर हा हसत नव्हता. काचेबाहेर बघत होता. तेव्हाच मी ठरवलं, हा गेला की एक रेकॉर्ड अशी करायची की पोरीला तो ऐकू आलाच पाहिजे."

दार्काने जॅमबस्टरच्या खोक्याची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. थँक यू म्हणायचं, एक खायचा, घरी जायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. हॉलमध्ये ताटं वाजत असताना कोण बारकाईने ऐकणार होतं? पण प्रती निघाल्या की त्या निघाल्या. त्याचं शेवटचं काम म्हणून हेच राहणार होतं, आणि जाणकार माणूस ते ऐकून म्हणणार होता की म्हातारा शेवटी स्वतःच्या प्रेमात पडला.

"तातोला हे आवडलं नसतं," ती म्हणाली.

बोयेतने पहिल्यांदा मान वर केली. "बॉसने मला दाराबाहेर काढलं असतं, ताई. तेही बुटाच्या ठोकरीने."

"तू गप्प बस," व्हर्ना म्हणाली. "त्याला आवडेल तसं तीस वर्षं केलंच की आपण. त्याची आवड त्याच्याबरोबर गेली. आता हिचं बघायचं. आणि दार्का, तू मनाला लावून घेऊ नकोस. कान एकेकाला असतो, एकेकाला नसतो. माझ्या भावाला रंग दिसत नाहीत, म्हणून कुणी त्याला नावं ठेवली का? लाल कोट घालून मासे धरायला जायचा बिचारा."

"व्हर्ना, गाणं मोडलंय."

"काय?"

"दुसऱ्या कडव्यात तू मागे राहतेस. तो तुला तिथे उचलतो. आता तो ढकलतोय. तुझे आजोबा जाळ्यात पडल्यासारखे वाटतात."

व्हर्नाने बोयेतकडे पाहिलं. बोयेतने पुन्हा टेबलाकडे पाहिलं, पण त्याचे खांदे जरा सैल झाले.

"हे तुला कुणी सांगितलं?" व्हर्नाने विचारलं. "यानं?"

"कुणी सांगितलं नाही. मला कान आहे."

"तुला? मायरन तर—"

"मायरनला मी खोटं सांगितलं होतं. सोळा वर्षांची होते. बाबा गेली तेव्हा तो आला नाही, म्हणून." आजीला ती युक्रेनी रीतीने बाबाच म्हणायची. व्हर्नाला ते माहीत होतं. "तुझी ती जुनी रेकॉर्ड, जिच्या कव्हरवर तू घोड्यावर बसलीयस. तिच्यातल्या त्या अंगाईत कुठलंच वाद्य नाही त्याचं. तो लाकडाला नख लावतो, गिटारवाला श्वास घेतो तिथे. शाळेच्या पोरांच्या रेकॉर्डवर पोरं पळायला लागतात, तेव्हा तो खंजिरी बंद करतो, वाजवत नाही, आणि पोरं सावरतात. भजनांच्या रेकॉर्डवर एकदा चुकलाय. एकदाच. तेही ठेवून दिलंय त्यानं."

"शेवटच्या भजनात," बोयेत हळूच म्हणाला.

"शेवटच्या भजनात."

व्हर्नाने खोक्यातून एक जॅमबस्टर काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि न खाता झाकणावर ठेवला.

"मग त्याला सांगितलं का नाहीस, पोरी? तीस-पस्तीस वर्षं होती तुझ्याकडे."

दार्का उठून बोयेतच्या मागे जाऊन उभी राहिली.

"पुन्हा लाव. आणि खाली घे त्याला."

बोयेतने गाणं सुरुवातीपासून लावलं आणि बोट खुळखुळ्याचा आवाज कमी-जास्त करण्याच्या पट्टीवर ठेवलं. खुळखुळा एक पाऊल मागे गेला.

"अजून."

गिटार त्याच्या पुढे आली. मग व्हायोलिन. व्हर्नाच्या आवाजाभोवती जागा झाली.

"अजून घे."

"ताई, आता फार थोडा उरलाय."

"घे."

दुसरं कडवं आलं. व्हर्नाचा आवाज मागे रेंगाळला, पडतो की काय असं वाटलं आणि पडला नाही. खुर्चीतल्या व्हर्नाने डोळे मिटून घेतले आणि मान हलवली, गाणाऱ्या बाईला आपलं गाणं परत मिळाल्यावर हलते तशी. बोयेतने बोट उचललं.

"मला तर आता नाही येत ऐकू," व्हर्ना म्हणाली. "खरंच नाही. तुला येतोय?"

"येतोय," दार्का म्हणाली. ती व्हर्नाकडे बघत नव्हती, बोयेतकडेही नाही. "मला तू ऐकू येत होतास, तातो. नेहमीच येत होतास."